गाडीचा नंबर हाच दाखला

मोटारीच्या तपासणीचा दाखला कागदावर न राहतां सरकारच्या संगणकांत राहूं लागला, या गोष्टीवरून खेडोपाडीं दोन तट पडलेले दिसतात. शिकलेले शहरवासी म्हणतात, 'बरें झालें, कागदाची कटकट गेली.' आमचा टेंपोवाला, रिक्षावाला, जीपवाला म्हणतो, 'कागद होता तो खिशांत होता. आतां दाखला कोठें आहे हें मलाच दिसत नाहीं, मग हवालदाराला मी काय दाखवूं?' या प्रश्नाला अडाणीपणा म्हणून हसणारे पुष्कळ आहेत. आम्हांस त्यांत हसण्यासारखें कांहीं दिसत नाहीं. ज्याच्या बापजाद्यांची जमीन दुसऱ्याच्या दप्तरांतील एका ओळीनें गेली, तो दप्तराला भिईल नाहीं तर काय करील? परंतु भीति खरी असली तरी जुन्या कागदाला कवटाळून बसल्यानें ती जाणार नाहीं, असें आमचें मत आहे.

ज्यांच्या दारीं नुकतीच गाडी आली आहे अशांसाठीं आधीं थोडी माहिती दिली पाहिजे. दाखले मुख्यतः दोन. एक धुराचा, ज्याला सगळे पीयूसी म्हणतात. नव्या गाडीला तो नोंदणीपासून एक वर्षानें लागूं होतो. भारत स्टेज चार आणि सहा या जातीच्या गाड्यांना तो एक वर्ष चालतो, त्याहून जुन्या गाड्यांना सहा महिने. दुसरा दाखला फिटनेसचा, म्हणजे आपण ज्याला 'पासिंग' म्हणतों तो. भाड्यानें माल किंवा माणसें वाहणाऱ्या गाडीला ती आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनीं आणि पुढें दरवर्षीं पासिंग करावें लागतें. घरच्या वापराच्या गाडीची पाळी पंधरा वर्षांनीं येते, व त्यानंतर दर पांच वर्षांनीं. पीयूसी नसेल तर १ सप्टेंबर २०१९ पासून अमलांत आलेल्या सुधारलेल्या कायद्यांत पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीं सांगितलीं आहेत. तेव्हां हा विषय केवळ मोटारवाल्या श्रीमंतांचा राहिलेला नाहीं. जुनी दुचाकी घेऊन दूध घालणारा, भाजीची पाटी बाजारांत नेणारा, टेंपोंतून मडकीं किंवा लोखंडी अवजारें विकणारा, सर्वांच्या भाकरीशीं याची गांठ आहे.

आतां जुन्या कागदाचे गुणावगुण पाहूं. कागदाचा एक गुण मोठा होता. तो हातांत धरतां येई, धोतराच्या कनवटीला किंवा फेट्याच्या टोकाला बांधतां येई. वाचतां न येणाऱ्यालाहि शिक्का ओळखतां येई. पुष्कळ मालमोटारींच्या अंगावर रंगाऱ्यानें रंगविलेली चौकट असते. तींत फिटनेस कोठपर्यंत, परमिट कोठपर्यंत हें सर्व लिहिलेलें असतें. चव्हाट्यावर उभी असलेली गाडी येणाऱ्याजाणाऱ्यास स्वतःचा हिशेब सांगते, ही गोष्ट आम्हांस चांगलीच वाटते. परंतु कागद पावसांत भिजे, उंदीर खाई, काचेवर चिकटविलेली पट्टी उन्हानें फिकी पडे, आणि मग दाखला असूनहि नसल्यासारखा होई. त्याहून मोठा अवगुण असा कीं, कागद खोटा करणें फार सोपें होतें. शिक्का आणि छापखाना ज्याच्या हातीं, दाखला त्याच्या हातीं. गाडी घरीं गोठ्यांत उभी आणि तिचा 'धूर मर्यादेंत आहे' असा कागद तालुक्याहून आला, असे प्रकार गांवोगांव सर्वांस ठाऊक आहेत. कोणी उघड बोलत नाहीं इतकेंच.

येथें आमच्याच लोकांना दोन शब्द कडू लागतील ते सांगतों. खोटा कागद विकणाऱ्यास आपण लुच्चा म्हणतों, पण तो विकत घेणारा कोण? पन्नास-शंभर रुपये जादा दिले कीं गाडी न नेतां काम होतें, म्हणून आपणच त्याच्या दारीं गेलों. 'वेळ वांचला' असें म्हणालों. वेळ वांचला, आणि त्या वांचलेल्या वेळांत ज्याची ब्रेकची वादी झिजली होती तो टेंपो दहा मजूर बायांना घेऊन घाट उतरला.

संगणकांतील दाखल्यानें हें पाप आपोआप धुऊन निघेल असें मात्र कोणीं समजूं नये. भारताच्या महालेखापरीक्षकांचा दिल्लीच्या वाहनधुराविषयींचा अहवाल २०२५ च्या एप्रिलांत तेथील विधानसभेपुढें आला. तो वाचणाऱ्याचे डोळे उघडतील. धूर मर्यादेबाहेर आहे असें तपासणींतच निघालें असतां १ लाख ८ हजारांहून अधिक गाड्यांना दाखले दिले गेले. ७,६४३ प्रसंगीं एकाच केंद्रांत एकाच वेळीं एकाहून अधिक गाड्या तपासल्याची नोंद झाली. ७६,८६५ प्रसंगीं गाडीची तपासणी आणि दाखला यांच्यामध्यें अवघें एक मिनिट गेलें होतें. गाडी उभी करणें, इंजिन तापूं देणें, सायलेन्सरच्या नळींत यंत्राची सळई घालणें, आंकडा स्थिर होईपर्यंत थांबणें, एवढें सगळें एका मिनिटांत होत असेल तर त्या केंद्रवाल्याचा सत्कारच केला पाहिजे!

पण वाचकहो, या अहवालाचा दुसरा अर्थहि ध्यानांत घ्या. हे आंकडे सांपडले कसे? प्रत्येक तपासणीची वेळ, गाडीचा नंबर आणि यंत्रानें दिलेला आंकडा हीं संगणकांत जशींच्या तशीं राहिलीं, म्हणून सांपडले. हेंच काम केवळ कागदावर झालें असतें तर लाख कागद लाख घरीं गेले असते आणि चोरी कोणाच्याहि नजरेस पडली नसती. आम्ही शाळामास्तर, हजेरीपटावर मागाहून केलेली खाडाखोड कशी ओळखूं येते हें आम्हांस ठाऊक आहे. पट असेल तर खाडाखोड दिसेल. पटच नसेल तर सगळीं मुलें रोज हजर! म्हणून दप्तर असावें, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. शंका आहे ती हीच कीं, दप्तर कोणाच्या बाजूनें बोलणार?

आमच्या चळवळीस हा प्रश्न नवा नाहीं. जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं लिहून पुरें केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या पुस्तकांत अक्षरशून्य कुणब्याला लेखणीवाले कसे नाडतात याचेंच चित्र आहे. गांवचें दप्तर कुळकर्ण्याच्या घरीं, आणि तें वाचण्याची विद्याहि त्याच्याच घरीं. मग कुणबी त्याच्या ओसरीवर हात जोडून बसणार नाहीं तर कोठें जाणार? करवीरच्या शाहू छत्रपतींनीं १९१८ सालीं आपल्या संस्थानांत कुळकर्णी वतनें बंद करून पगारी तलाठी नेमले, तें या दुखण्यावर औषध म्हणून. आणि केवळ लिहिणारा बदलून भागणार नाहीं, वाचणारेहि वाढले पाहिजेत, हें त्यांना पुरतें ठाऊक होतें, म्हणून त्याच्या आदल्या वर्षींच सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम निघाला होता.

आज आरटीओ कचेरीच्या बाहेर झाडाखालीं, टपरींत, मोटारसायकलच्या सीटवर जो बसलेला असतो त्याला आपण एजंट म्हणतों. हा नवा कुळकर्णी. त्याची जात विचारण्याचें कारण नाहीं. तो सर्व जातींचा आहे, आपल्या जातींचाहि आहे. पूर्वीं तो फॉर्म भरून देई, आतां मोबाइल दाबून देतो. देव आणि भक्त यांच्यामध्यें दलाल नको, हें सत्यशोधकांनीं आपल्या आजोबा-पणजोबांना शिकविलें. तें ज्यांना पटलें त्यांच्या नातवांनीं कायदा आणि आपण यांच्यामध्यें मात्र दलाल बसवून घ्यावा, हें कसें?

दलाल नको असेल तर कायदा काय म्हणतो तें आपणच समजून घेतलें पाहिजे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, त्यांतला १३९ वा नियम, हा प्रत्येक गाडीवाल्यानें नंबरासह पाठ करावा. रस्त्यावर अधिकाऱ्यानें मागितले तर कागद दाखवावे, असा तो मूळ नियम. २०१८ च्या नोव्हेंबरांत त्यांत दुरुस्ती झाली, आणि कागद 'छापील किंवा इलेक्ट्रॉनिक' यांपैकीं कोणत्याहि रूपांत दाखवितां येतील असें ठरलें. 'किंवा' या शब्दाकडे लक्ष द्या. कागदच पाहिजे असें म्हणण्याचा अधिकार हवालदारास राहिला नाहीं. त्याचप्रमाणें, मोबाइलच पाहिजे असें म्हणण्याचाहि कोणास अधिकार नाहीं. ज्याच्याजवळ साधा बटणांचा फोन आहे, किंवा तोहि नाहीं, त्यानें छापील प्रत बाळगली तर ती तितकीच खरी.

यापुढची दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२० पासून लागूं झाली, आणि आमच्या मतें गरिबाच्या दृष्टीनें तीच अधिक मोलाची आहे. अधिकाऱ्यानें स्वतः इलेक्ट्रॉनिक साधनानें पाहिलें आणि कागदपत्रें बरोबर आहेत असें त्यास आढळलें, तर त्यानें छापील कागद मागूं नये, असें या दुरुस्तीनें सांगितलें आहे. म्हणजे गाडीचा नंबर रस्त्यावर सर्वांसमोर आहे, सरकारचें दप्तर अधिकाऱ्याच्या हातांतल्या यंत्रांत आहे, आणि नंबर टाकला कीं पीयूसी, पासिंग, विमा यांच्या मुदती समोर येतात. मग विचारपूस कोणाची व्हावयास पाहिजे? सरकारनें दिलेला दाखला सरकारच्याच वहींत आहे कीं नाहीं हें सरकारी माणसानें पाहावें. मालकानें आपल्या खिशांतून तो सिद्ध करीत बसावें, हें उलट शहाणपण झालें.

प्रत्यक्षांत मात्र गाडी थांबविल्यावर पहिला शब्द येतो, 'कागद काढा.' नंबर टाकून पाहण्याचें यंत्र हातांत असतें. त्यावर दंडाची पावती मात्र तत्काळ निघते. वहींत गुन्हा शोधावयाचा असेल तर यंत्र चालतें, आणि वहींत निर्दोषपणा शोधावयाचा असेल तर रेंज नसते! बिहार राज्यांत २०२४ पासून टोलनाक्यांवरील कॅमेरे नंबर वाचून, फिटनेस, विमा, पीयूसी यांची मुदत संपलेली असल्यास दंडाची नोटीस आपोआप काढूं लागले. असें करण्यास आमची हरकत नाहीं. पण ज्या नंबरावरून दंड करतां येतो, त्याच नंबरावरून सुटकाहि झाली पाहिजे, एवढाच आमचा हट्ट आहे.

आतां आपल्या बाजूची कामें. मोबाइलमध्यें कागदाचा नुसता फोटो काढून ठेवला म्हणजे दाखला झाला, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती खोटी आहे. २०१८ च्या ऑगस्टांत केंद्र सरकारनें राज्यांना जी सूचना केली तिच्यांत डिजिलॉकर आणि एमपरिवहन यांतील नोंदींस मूळ कागदाचा मान दिला, फोटोस नाहीं. ज्याला हीं दोन्हीं वापरतां येत नाहींत त्यानें छापील प्रत जवळ ठेवावी. पीयूसीची प्रत हरवली तरी घाबरण्याचें कारण नाहीं. गाडीचा नंबर आणि चासीच्या नंबराचीं शेवटचीं पांच अक्षरें दिलीं कीं ती सरकारी संकेतस्थळावरून पुन्हां काढतां येते. दहावींत शिकणारी घरची मुलगी हें काम पांच मिनिटांत करील. त्यासाठीं एजंटास पैसे देऊं नयेत.

दुसरें काम याहून जरुरीचें. गाडीच्या सरकारी नोंदींत मोबाइल नंबर कोणाचा आहे तो आजच पाहून घ्या. आम्हीं ज्यांना ज्यांना हा प्रश्न केला त्यांतील पुष्कळांच्या नोंदींत शोरूमच्या माणसाचा नाहीं तर एजंटाचा नंबर निघाला. गाडी घेतांना 'मास्तर, नंबर काय घालूं' असें विचारणारा कोणी नव्हता. ज्यानें फॉर्म भरला त्यानें स्वतःचा घातला. २०२१ च्या जूनमध्यें पीयूसीचा सगळ्या देशासाठीं एकच नमुना ठरला, त्यावर क्यूआर कोड आला, आणि मालकाचा मोबाइल नंबर घेऊन त्यावर संदेश पाठविण्याची सोय झाली. सोय चांगली. पण नंबर एजंटाचा असेल तर मुदत संपल्याचा संदेश कोणाला जाईल? दंडाची नोटीस कोणाला जाईल? आमच्या आधींच्या पिढीचे मास्तर गांवच्या मनीऑर्डरींचीं कुपनें वाचून दाखवीत. आम्ही आतां मोबाइलवरचे संदेश वाचून दाखवितों. परंतु जो संदेश गांवांत आलाच नाहीं तो मास्तर तरी काय वाचणार?

आणि मुदत विसरणें हें फुकट नाहीं. २०१६ च्या डिसेंबरांतील नियमानें पासिंगची मुदत टळल्यावर दिवसाला ५० रुपये जादा फी बसविली. एक महिना विसरला कीं दीड हजार. आजारपणांत किंवा गाडी बंद पडून सहा महिने गेले कीं नऊ हजार. महाराष्ट्रांत २०२४ सालीं रिक्षावाल्यांनीं यावर मोठी ओरड केली, तेव्हां राज्य सरकारला हात आखडता घ्यावा लागला. ओरड केल्यानें कांहीं होत नाहीं असें म्हणणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

तपासणींत गाडी नापास झाली तर काय, हा प्रश्न राहिला. पीयूसीच्या नव्या नमुन्याबरोबर नापास झालेल्या गाडीस नकाराची चिठ्ठी देण्याचा नियमहि आला. ही चिठ्ठी मागून घ्या. तिच्यावर यंत्रानें दिलेला आंकडा असतो. तो घेऊन मिस्त्रीकडे गेलां तर मिस्त्रीला कोठें हात घालावयाचा तें कळतें, आणि पीयूसी केंद्रांतील यंत्रच बिघडलें आहे अशी शंका आली तर दुसऱ्या केंद्राशीं ताडून पाहतां येतें. पासिंगलाहि हेंच झालें पाहिजे. २०२१ सालच्या नियमांनीं ब्रेक, दिवे, सुकाणूं हीं यंत्रावर तपासण्याचीं स्वयंचलित केंद्रें सुरू करण्याची वाट मोकळी झाली. यंत्र माणसासारखें चहापाण्याला मागत नाहीं हें खरें, पण यंत्रापुढें बसलेला माणूसच असतो. नापास झालेल्या गाडीच्या मालकास 'उद्या या' म्हणून सांगणें आणि 'मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक कमी लागतो' असें मराठींत लिहून देणें, यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. पहिल्यानें तो एजंटाकडे जातो, दुसऱ्यानें मिस्त्रीकडे.

विलायतेंत काय झालें तें पाहण्यासारखें आहे. तेथें रस्त्याचा कर भरल्याची गोल चकती मोटारीच्या काचेवर लावीत. १ ऑक्टोबर २०१४ पासून ती बंद झाली. नंबर वाचून वहींत पाहतात. तेथील मोटारींच्या वार्षिक तपासणीची वहीहि सर्वांस खुली आहे. कोणत्याहि गाडीचा नंबर टाकला कीं ती कोणत्या वर्षीं पास झाली, कोणत्या वर्षीं नापास झाली, नापास कां झाली, आणि त्या वेळीं ती किती मैल चालली होती, हें कोणालाहि फुकट वाचतां येतें. आपल्याकडे नंबरावरून मुदत कळते, पण गाडीची जुनी नापासी कळत नाहीं. आमच्या खेड्यांत नवी गाडी घेणारे थोडे. दुसऱ्याची, तिसऱ्याची वापरलेली गाडी घेणारेच फार. बैल घेतांना आम्ही त्याचे दांत मोजतों, खूर पाहतों, चालवून पाहतों. जुना टेंपो घेतांना मात्र वरचा नवा रंग पाहून आयुष्याची पुंजी देतों. ही वही आम्हांस खुली झाली तर एकेका घराचे लाख-दोन लाख बुडावयाचे वांचतील. सरकारपाशीं मागावयाचें तर हें मागा. जुनी कागदी पट्टी परत मागण्यांत काय हंशील?

आणि प्रत्येक केंद्राच्या दारावर त्या महिन्यांत किती गाड्या तपासल्या, किती पास, किती नापास, याची पाटी मराठींत लागली पाहिजे. ज्या केंद्रांत वर्षभर एकहि गाडी नापास होत नाहीं, तेथें आपल्या मुलांची शाळेची व्हॅन पास झालेली आहे कीं काय, हें आईबापांनीं विचारलें तर शाळेनें रागावूं नये. व्हॅनचा नंबर मागच्या पाटीवर लिहिलेला असतोच. पालकसभेंत मास्तरांच्या पगारावर बोलणारे पुष्कळ असतात. व्हॅनच्या पासिंगची तारीख विचारणारा आम्हांस अजून भेटावयाचा आहे.

साखर कारखान्यांचा गाळप हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. रात्रीं रस्त्याच्या कडेला, मागें लाल दिवा नाहीं, रिफ्लेक्टर नाहीं, अशा उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मोटारसायकली आदळतात, आणि मरणारा बहुधा शेजारच्याच गांवचा असतो. गाडीच्या मालकांनीं हंगामापूर्वीं दोन कामें उरकावीं. नंबर टाकून आपल्या गाडीच्या सर्व मुदती आणि नोंदलेला मोबाइल नंबर पाहावा. आणि ट्रॉलीच्या मागच्या फळीवर रिफ्लेक्टर ठोकावे. ज्यांना नंबर टाकतां येत नाहीं त्यांनीं शाळा सुटल्यावर यावें. मुलें पाहून देतील.